एकांत मोडतो तेव्हा

मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मी एक साधा नेम धरला होता. रोज पहाटे अर्धा तास खोलीचे दार लावून, पवित्र शास्त्रातील एकच ओळ कागदावर उतरवून समोर ठेवायची आणि तिच्यासह देवापुढे शांत बसायचे, एवढाच तो नेम होता. पहिले तीन दिवस तो पाळला गेला आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला, हे कबूल करते. चौथ्या दिवशी दार वाजले. आईला तिचा चष्मा सापडत नव्हता. मी उठले, तिच्या उशीखालून चष्मा काढून तिच्या हातात ठेवला आणि ठेवताना अशा स्वरात काहीतरी बोलले की ती उत्तर न देता वळून गेली. परत येऊन बसले तेव्हा समोरच्या कागदावरची ओळ 131 व्या स्तोत्रातली होती: दूध तुटलेले मूल आईजवळ जसे निवांत असते तसा माझा जीव माझ्या ठायी निवांत आहे, या अर्थाची. त्या दिवशी त्या ओळीपुढे बसणे मला जमले नाही.

त्यानंतर काही दिवस एकच प्रश्न मनात घोळत राहिला. मी जी शांतता शोधत होते, ती एका चष्म्याने मोडण्याइतकी तकलादू असेल, तर दाराआड बसून मी नेमके काय जपत होते? उत्तर शोधण्यासाठी मी पुन्हा शुभवर्तमानांकडे वळले आणि प्रभू येशू एकांतात गेल्याचे जे जे प्रसंग आठवले ते एकामागून एक सलग वाचून काढले. हे प्रसंग आपण एरवी सुटे सुटे वाचतो, त्यामुळे त्यांतली एक गोष्ट नजरेतून निसटते. त्यांपैकी बहुतेक एकांत मोडलेले आहेत.

मार्कच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग सर्वांत परिचयाचा आहे. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, कफर्णहूमचे सगळे गाव येशूचा शिष्य शिमोन याच्या दाराशी लोटले होते आणि येशूने अनेक आजाऱ्यांना बरे केले होते. दुसऱ्या दिवशी, अजून पुरते उजाडले नसताना, तो उठून बाहेर पडला आणि निर्जन जागी जाऊन प्रार्थना करू लागला. उपदेशांत हे वचन बहुधा इथेच थांबते आणि पहाटे उठण्याचा बोध करून आपण पुढे जातो. पुढच्याच ओळीत शिमोन आणि त्याचे सोबती येशूच्या मागावर निघतात. मूळ ग्रीक क्रियापदात पाठलाग करण्याची, हुडकून काढण्याची छटा आहे. सगळे लोक तुम्हाला शोधत आहेत, असे ते त्याला सांगतात, आणि त्या सांगण्यात थोडी तक्रारही ऐकू येते. येशू त्यांच्यावर रागावत नाही. पण गर्दीच्या हाकेसरशी मागेही फिरत नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, असे तो म्हणतो. अंधारात एकट्याने केलेल्या प्रार्थनेत काय घडले हे मार्क सांगत नाही. तो सांगतो ते एवढेच, की व्यत्यय आला तेव्हा येशूला आपल्याला कुठे जायचे आहे हे ठाऊक होते.

सहाव्या अध्यायात तर एकांताचा बेत सुरू होण्याआधीच फसतो. शिष्य सेवाकार्यावरून परतले आहेत, येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नाही, आणि येशू स्वतः त्यांना निवांत जागी चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो. मत्तयाच्या मांडणीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची बातमी ऐकल्यावर येशू एकांताकडे निघतो, म्हणजे या निघण्यामागे शोकही आहे. ते मचव्यात बसतात, पण लोक काठाकाठाने धावत जाऊन त्यांच्या आधी तिथे पोहोचलेले असतात. किनाऱ्यावरची ती गर्दी पाहून माझ्या तोंडून काय निघाले असते याची मला आता चांगली कल्पना आहे. येशूला त्यांचा कळवळा आला, असे मार्क लिहितो, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते. मग तो त्यांना शिकवत बसतो आणि संध्याकाळी पाच हजारांना जेवू घालतो. एकांत मात्र तो विसरत नाही. लोकांना निरोप दिल्यावर तो एकटा डोंगरावर जातो. तिथूनही त्याला वारा समोरून असलेला, वल्हवून थकलेला मचवा दिसतो आणि रात्रीच्या चौथ्या प्रहरी तो त्यांच्याकडे निघतो. गेथशेमानेत तर तो शिष्यांपासून जेमतेम दगड फेकला तर पडेल एवढ्या अंतरावर जातो आणि प्रार्थना मध्येच थांबवून तीन वेळा झोपलेल्या मित्रांपाशी परत येतो. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत एकाकी रात्रीही त्याला कोणीतरी जवळपास जागे असावे असे वाटत होते.

हे सगळे वाचून झाल्यावर माझ्या चौथ्या दिवसाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. दार वाजणे हा माझ्या साधनेत आलेला अडथळा होता की ती साधनेची परीक्षा होती, हे अजूनही मी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्या अर्ध्या तासाचे फळ अर्ध्या तासातच शोधण्याची माझी सवय मात्र तेव्हापासून सुटू लागली.

इथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करते. मराठी शास्त्रात अशा जागेसाठी ‘अरण्य’ हा शब्द वारंवार येतो, आणि आपल्या कानाला अरण्य म्हटले की दाट झाडी, पाखरे, वाहते पाणी असे काहीतरी ऐकू येते. यहूदीयाचे अरण्य तसे नाही. ते उघडेबोडके, खडकाळ, पाण्याविना तापणारे ओसाड रान आहे. मन प्रसन्न करणारी निसर्गरम्य जागा म्हणून तिथे कोणी जात नसे. तिथे उपास घडतो, भीती वाटते, मोह समोर येतो. अशाच ओसाड रानात इस्राएली लोकांनी 40 वर्षे कुरकुर केली आणि येशूची 40 दिवस परीक्षा झाली. एकांत म्हणजे मनाला गारवा देणारी विश्रांती, अशी जी प्रतिमा आपण मनात धरून असतो, तिला या शब्दाच्या भाषांतराने नकळत खतपाणी घातले असावे, असा माझा आपला तर्क आहे.

डोंगरावरच्या प्रवासापेक्षा मला आता मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली खोली अधिक जवळची वाटते. प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, असे येशू सांगतो. तिथे वापरलेला ग्रीक शब्द घरातल्या आतल्या खोलीसाठी, साठवणीच्या जागेसाठी वापरला जाई. आपण तिला कोठीची खोली म्हणू. ज्यांना हे प्रथम सांगितले गेले त्या साध्या लोकांच्या घरात प्रार्थनेसाठी राखून ठेवलेले दालन असण्याची शक्यता कमीच. म्हणजे रांजण आणि पोती यांच्यामध्ये जी अंधारी जागा उरते, तिथे उभे राहून पित्याशी बोलायचे आहे. ज्याच्यापाशी वेगळी खोली, मोकळी सकाळ किंवा रिट्रीटला, म्हणजे काही दिवसांच्या प्रार्थनेच्या एकांतवासाला, जाण्याइतकी सुट्टी नाही, त्यालाही हा एकांत नाकारलेला नाही, ही मला त्या शब्दातली मोठी दया वाटते.

शांततेविषयी बोलताना एलीया संदेष्ट्याची आठवण निघतेच, पण ती बहुतेकदा ‘मंद वाणी’पाशी येऊन थांबते आणि त्याआधीचे व नंतरचे राहून जाते. 1 राजे 19 मध्ये एलीया राणी ईजबेलीच्या धमकीने पळालेला आहे. त्याने आपल्या चाकराला बैर-शेबा येथे मागे ठेवले आहे, एक दिवसाची वाट चालून तो एका झुडपाखाली बसला आहे आणि मरण मागतो आहे. देव त्याला त्या अवस्थेत मौनाचे धडे देत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत त्याला उठवून खाऊ घालतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खाऊ घातले जाते, कारण पुढची वाट लांबची आहे. मी पहिल्यांदा तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला गेले होते, तेव्हा पहिला जवळजवळ सगळा दिवस मी झोपून काढला आणि संध्याकाळी अपराधी चेहऱ्याने मार्गदर्शक फादरांकडे गेले. त्यांनी मला हाच अध्याय उघडून दिला आणि आणखी एक रात्र नीट झोपायला सांगितले. आपण किती थकलेलो आहोत हे शांततेतच प्रथम कळते. थकलेल्या देहाला जबरदस्तीने ध्यानाला बसवणे म्हणजे भक्ती, असा माझा तोवर समज होता.

होरेब डोंगरावरच्या गुहेत देव एलीयाला विचारतो, तू येथे काय करीत आहेस? तो आपली कैफियत मांडतो: मी फार ईर्ष्येने तुझी सेवा केली, सगळ्यांनी तुझा करार मोडला, मी एकटाच उरलो आहे आणि ते माझाही जीव घ्यायला टपले आहेत. मग वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि त्यांत परमेश्वर नसतो. त्यानंतर जे येते त्यासाठी हिब्रूत तीनच शब्द आहेत, कोल दमामा दक्का, आणि ते कोणत्याही भाषेत नीट बसत नाहीत. बारीक, तलम अशा शांततेचा आवाज, असे काहीसे त्यांतून हाती लागते. एलीया झग्याने तोंड झाकून गुहेच्या दाराशी येतो. आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. इथे आपली अपेक्षा असते की इतक्या अद्भुत शांततेनंतर त्याचे उत्तर बदलले असेल. ते बदललेले नाही. शब्दाला शब्द तीच कैफियत तो पुन्हा म्हणतो.

या पुनरुक्तीने मला कितीतरी उपदेशांहून अधिक धीर दिला आहे. शांततेत बसले की माझेही असेच होते. जे गाऱ्हाणे घेऊन बसते, तेच घेऊन उठते. कोणाशी तरी झालेला वाद मनातल्या मनात मी पुन्हा खेळते, या वेळी मात्र जिंकते, आणि जिंकून झाल्यावर लक्षात येते की वीस मिनिटे संपली. एलीयाला देव दुरुस्त करत बसत नाही. तो त्याला परत पाठवतो. आल्या वाटेने जा, हजाएलाला आणि येहूला राजे म्हणून अभिषेक कर, अलीशाला आपल्या जागी नेम. आणि जाता जाता कळवतो की बाल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7000 लोक अजून इस्राएलात आहेत. मी एकटाच उरलो, हे वाक्य खोटे होते, आणि ते खोटे असल्याचे त्याला डोंगरावर कळले, पण त्या 7000 लोकांना भेटायचे तर डोंगर उतरावाच लागणार होता.

तिसऱ्या आणि चौथ्या शतकांत मिसरच्या वाळवंटात गेलेल्या मंडळींविषयी आपल्या मनात एक कठोर, माणूसघाणे चित्र असते. त्यांच्याविषयी टिकून राहिलेल्या गोष्टी वाचल्या की ते चित्र विरघळते. संत अँथनी 356 मध्ये वारले, आणि थोड्याच काळात आलेक्सांद्रियाचे बिशप अथनेशियस यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यात अँथनी एका पडक्या गढीत सुमारे 20 वर्षे स्वतःला कोंडून राहिल्याची हकीकत आहे. ती 20 वर्षे संपली कशी? भेटीसाठी आतुर झालेल्या मित्रांनी दारच मोडून काढले. अथनेशियस पुढे सांगतात की बाहेर आलेला माणूस सुटलेला नव्हता की खंगलेलाही नव्हता, गर्दी पाहून तो गडबडला नाही आणि इतक्यांनी स्वागत केले म्हणून फुलूनही गेला नाही. त्याने आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, दुःखितांचे सांत्वन केले, भांडणाऱ्यांचा समेट घडवला. दार मोडल्यावर माणूस कसा बाहेर येतो, यावर 20 वर्षांची पारख झाली. माझ्या नेमाची पारख चौथ्या दिवशी झाली, एवढाच फरक. निकालाविषयी न बोललेले बरे.

त्याच वाळवंटातली आणखी एक छोटी गोष्ट मी अलीकडे वरचेवर आठवते. एक बंधू एका वृद्ध तपस्व्याकडे राहून निघताना म्हणाला, माझ्यामुळे तुमचा नेम मोडला, मला क्षमा करा. तपस्वी म्हणाला, तुला विसावा द्यावा आणि शांतीने वाटेला लावावे, हाच माझा नेम आहे. वाळवंटातल्याच तपस्विनी अम्मा सिंक्लेटिका यांनी तर या सगळ्या विषयाचा गाभाच एका वाक्यात सांगून ठेवला आहे: गर्दीत राहूनही मनाने एकांतवासी होता येते, आणि एकांतात राहूनही आपल्याच विचारांच्या गर्दीत जगता येते. हे एका स्त्रीने सांगावे याचे मला नवल वाटत नाही.

तरीही गर्दीत एकांत साधता येतो म्हणून प्रत्यक्ष एकांताची गरज नाही, असा सोयीस्कर अर्थ मी यातून काढणार नाही. काही काळ खरोखरच एकटे आणि गप्प बसावे लागते. ‘आपल्या खोलीत जाऊन बस, खोली तुला सर्व काही शिकवील,’ असे त्याच वाळवंटातले तपस्वी अब्बा मोशे एका बंधूला म्हणाले होते, आणि खोली जे शिकवते ते सुरुवातीला फारसे सुखाचे नसते. इव्हाग्रियस हे चौथ्या शतकातले तपस्वी त्याचे इतके नेमके वर्णन करतात की वाचताना हसू येते. भर दुपारी साधकावर एक मरगळ चाल करून येते. सूर्य पुढे सरकतच नाही आणि दिवस 50 तासांचा झाला आहे असे त्याला वाटू लागते. तो सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का ते पाहतो, मग त्याला आपल्या जागेचा, आपल्या कामाचा, शेवटी आपल्या निवडीचाच वीट येतो. रिट्रीटच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझे अक्षरशः हेच झाले. मोबाईल जमा केलेला होता, तरी माझा हात दर पाच मिनिटांनी त्याच्या जागेकडे जात होता. खोलीतल्या छताला असलेल्या भेगा मी मोजल्या. घरी किती कामे पडली आहेत याची यादी केली आणि इथे बसून राहणे हा स्वार्थ आहे, असा अत्यंत धार्मिक वाटणारा निष्कर्षही काढला. बॅग भरायला घेतली होती.

थांबले ती एका जुन्या सूचनेमुळे, जी त्या दिवशी सकाळीच आम्हाला ऐकवली होती. 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे महिनोनमहिने प्रार्थनेत घालवताना लोयोलाच्या संत इग्नेशियस यांना जे कळले, त्यातून पुढे त्यांची आध्यात्मिक साधना आकाराला आली. तिच्यात ते सांगतात की मन कोरडे, उदास, विरक्त झालेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि प्रार्थनेचा ठरलेला तास अशा वेळी कमी करण्याऐवजी थोडा वाढवावा. मला ही सूचना तेव्हा हटवादी वाटली होती. पण बॅग तशीच ठेवून मी आणखी थोडा वेळ बसले, आणि काही विशेष घडले नाही. प्रकाश दिसला नाही, वाणी ऐकू आली नाही. फक्त मघाची घाई ओसरली आणि तिच्याखाली दडलेली एक जुनी, न रडलेली गोष्ट वर आली. तिच्याविषयी इथे लिहिणार नाही. ती वर येऊ नये म्हणूनच इतकी वर्षे मी कामात असायचे, एवढे मात्र त्या दुपारी कळले.

ज्यांना तीस दिवस बाजूला काढून पूर्ण साधना करता येत नाही, अशा व्यापात गुंतलेल्या लोकांचाही इग्नेशियस यांनी विचार केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशांनी आपले काम सांभाळून रोज दीड तास द्यावा आणि तीच साधना संथपणे पुरी करावी, अशी सोय त्यांनी ठेवली आहे. दीड तासही मला आज जमत नाही. माझा अर्धा तासच आहे. त्यात मी काय करते, असे मला कोणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. ती एक ओळ सावकाश दोन-तीनदा वाचते, तिच्यातला जो शब्द अडकतो त्यापाशी थांबते, आणि मन भरकटले की पूर्वेकडील मंडळ्यांत शतकानुशतके जपलेली छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणते: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. मन रिकामे करणे हा माझा हेतू नसतो आणि ते होतही नाही. कोणासमोर तरी बसलेले असणे, एवढीच ती क्रिया आहे.

काही सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, कारण एकांताची स्तुती करताना लोक ती गाळतात. चौथ्या शतकात कैसरियाचे संत बेसिल यांनी एकट्याने राहणाऱ्या साधकांना विचारले होते, तू एकटाच असशील तर पाय कोणाचे धुशील? सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी, जे स्वतः तरुणपणी सुबियाको येथील गुहेत तीन वर्षे राहिले होते, आपल्या नियमावलीत लिहून ठेवले की मठातल्या बंधूंबरोबर दीर्घकाळ तावून सुलाखून निघालेल्यानेच एकट्याने राहण्याचे धाडस करावे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1935 पासून 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, टाळे ठोकेपर्यंत फिंकेनवाल्डे येथे चालवलेल्या पाळक-प्रशिक्षणात रोज सकाळी अर्ध्या तासाचे मूक मनन सक्तीचे केले होते, आणि एकच छोटा उतारा आठवडाभर पुरवायचा असे. विद्यार्थ्यांना ते बरेच जड गेले. त्याच बोनहोफरांनी दोन्ही बाजूंनी इशारा दिला आहे: ज्याला एकटे राहता येत नाही त्याने संगतीपासून सावध असावे, आणि जो संगतीत नाही त्याने एकटेपणापासून. मी स्वतः यात एक भर घालीन. ज्याचे मन दुःखाने किंवा आजाराने खचलेले आहे, त्याला मौनात बसवून दार लावून घेणे ही सेवा नव्हे. त्याच्याशेजारी माणूस हवा, आणि गरज असेल तर डॉक्टरही.

शेजारी बसण्यातलेही एक मौन असते आणि ते बहुधा अधिक अवघड असते. शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. संपूर्ण पुस्तकात त्यांच्या हातून घडलेली हीच एक निखळ चांगली गोष्ट आहे. ते बोलू लागले तिथून सगळे बिघडले. पहाटेच्या अर्ध्या तासाने मला दिवसभरात जर काही दिले असेल, तर ते हे की समोरचा माणूस बोलत असताना माझे उत्तर आतल्या आत तयार होऊ लागते ते मला आता ऐकू येते. नेहमी थांबवता येत नाही, पण ऐकू येते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या याला देवदूताच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यामुळे मुलाचे नाव ठेवेपर्यंत मुके राहावे लागले होते. त्याच्यासारख्या, आयुष्यभर मंदिरात प्रार्थना म्हणणाऱ्या याजकाने त्या महिन्यांत किती गोष्टी पहिल्यांदा ऐकल्या असतील, याची मला उत्सुकता आहे. लूक त्याविषयी गप्प आहे, पण वाचा फुटल्यावर त्याच्या तोंडून प्रथम देवाची स्तुती बाहेर पडली, हे त्याने नोंदवले आहे.

देवही गप्प राहतो, हे नाकारून या विषयावर लिहिता येणार नाही. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला आशेचा शेवट नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवले गेले. मदर तेरेसा यांची पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेक वर्षे त्यांना प्रार्थनेत केवळ काळोखच जाणवत होता हे जगाला कळले. त्यांनी प्रार्थनेची वेळ सोडली नव्हती आणि माणसांचे दारही बंद केले नव्हते. माझ्या वाट्याला आलेली शुष्कता त्या मानाने किरकोळ आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक बोलण्याचा अधिकार मला नाही.

यंदाच्या उपवासकाळात मी तोच नेम पुन्हा धरला आहे. दार लावून घे, ही प्रभूची सूचना मी पाळते, पण कडी घालावी की नाही यावर माझे अजून एकमत झालेले नाही. काही दिवस घालते, काही दिवस नाही. परवा कडी नव्हती आणि दार ढकलले गेले. आई आत आली, मला पाहून दाराशीच थबकली, मग हळूच येऊन खाटेच्या कडेला बसली. तिला काय हवे आहे हे विचारण्यासाठी मी तोंड उघडले होते, ते मिटले. वेळ संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. नंतर मी विचारले तेव्हा ती म्हणाली, चष्मा हवा होता, पण असू दे, सापडेल.

तो तिच्या डोक्यावर होता.